नव्या पिल्लाला रात्रभर क्रेटमध्ये झोपायला कसे शिकवावे

घरात कुत्र्याचे नवे पिल्लू आले की दिवस कौतुकात जातो आणि रात्र जागरणात. क्रेटमध्ये, म्हणजे दार असलेल्या पिंजऱ्यासारख्या पेटीत, ठेवलेले पिल्लू अकरा वाजता रडू लागते, बाराच्या सुमारास थकून थांबते, दोन वाजता पुन्हा सुरू होते आणि उजाडेपर्यंत घरातल्या सगळ्यांचे डोळे तारवटलेले असतात. अशा वेळी दोन टोकांचे सल्ले हमखास कानावर येतात. ‘खुशाल रडू द्या, दोन रात्रींत आपोआप गप्प होईल’ हा पहिला, आणि ‘एवढ्याशा जिवाला कशाला कोंडता, घ्या जवळ पांघरुणात’ हा दुसरा. पहिल्या सल्ल्याने पिल्लू गप्प होते खरे, पण बहुधा क्रेटची धास्ती घेऊनच. दुसऱ्याने त्या रात्रीपुरती सुटका होते आणि शिकवण जिथल्या तिथे राहते. या लेखात सांगितलेली पद्धत दोन्हींपेक्षा सावकाशीची आहे, पण ती टिकते. ती दोन गोष्टींवर उभी आहे: रात्रीची झोप दिवसा शिकवावी लागते, आणि रात्री पिल्लाला जाग येण्याआधी आपल्याला उठावे लागते.

पिल्लू का रडते

आठ आठवड्यांचे पिल्लू कालपर्यंत आईच्या आणि भावंडांच्या ढिगात झोपत होते. अंगाला अंग लागलेले, आजूबाजूला श्वासांचा आवाज, हवी तेवढी ऊब. आज ते सारे एकदम नाहीसे झालेले असते, आणि एकट्या पडलेल्या पिल्लाने ओरडून आपल्या माणसांना बोलावणे हा त्याच्या जातीचा मूळ स्वभाव आहे. त्या रडण्यात हट्टही नसतो आणि लबाडीही नसते.

दुसरे कारण मूत्राशयाचे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, साधारण तितके तास ते दिवसा लघवी धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू सुमारे ३ तास, तीन महिन्यांचे सुमारे ४ तास. रात्री शरीर विसावलेले असते आणि लघवी कमी तयार होते, म्हणून हा अवधी थोडा वाढतो. अगदी लहान चणीच्या जातींत तो कमीच राहतो. यावरून एवढे स्पष्ट व्हावे की, आठ आठवड्यांच्या पिल्लाने सलग आठ तास कोरडे राहावे ही अपेक्षा त्याच्या शरीराला झेपणारी नाही. ‘रात्रभर झोपणे’ हे पुढे काही आठवड्यांनी येणारे फळ आहे.

माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मला यातले काहीच ठाऊक नव्हते. कुणाच्या तरी सांगण्यावरून मी क्रेट घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत ठेवला, कडी लावली आणि रडणे ऐकू येऊ नये म्हणून खोलीचे दारही ओढून घेतले. पहाटे जाऊन पाहिले तेव्हा ते स्वतःच्या लघवीत भिजून कोपऱ्याला चिकटून बसले होते आणि मला पाहूनही पुढे आले नाही. त्यानंतर त्याने आपणहून क्रेटमध्ये पाऊल टाकावे यासाठी जवळजवळ तीन आठवडे लागले. पुढे जे लिहिले आहे ते त्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या पिल्लांबरोबर शिकलेले आहे.

क्रेट कसा असावा

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. तारेच्या जाळीचा क्रेट हवेशीर असतो, घडी घालून ठेवता येतो आणि बहुतेक वेळा त्याच्यासोबत आतली जागा कमी-जास्त करणारी आडवी जाळीही मिळते. बंद बाजूंचा प्लॅस्टिकचा क्रेट आतून अंधारा आणि आडोशाचा वाटतो, पण उष्ण हवेत आत कोंदटते. कापडी क्रेट हलका असला तरी चावऱ्या वयातल्या पिल्लापुढे तो टिकत नाही. पहिल्यांदाच शिकवणाऱ्याने जाळीचा घ्यावा, असे माझे मत आहे, कारण वाढत्या पिल्लाबरोबर तोच क्रेट आडवी जाळी सरकवून वापरता येतो.

मापाचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पिल्लाला मान न वाकवता उभे राहता यावे, सहज गोल वळता यावे आणि कुशीवर पाय पसरून निजता यावे, एवढीच जागा हवी. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजून त्यात दहाएक सेंटीमीटर मिळवले की लांबीचा अंदाज येतो. कुत्रे निजण्याची जागा सहसा घाण करत नाही, आणि ही सगळी शिकवण त्याच स्वभावावर चालते. पण क्रेट ऐसपैस असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात आरामात झोपते. मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर मोठा क्रेट घेऊन आडव्या जाळीने तो आज लहान करावा.

बिछाना सुरुवातीला पातळ आणि रोज धुता येईल असा असावा. जाड, मऊ गादी लघवी शोषून घेते आणि पिल्लाला ओलेपणा जाणवतच नाही; शिवाय काही पिल्ले कापड फाडून गिळतात आणि ते आतड्यात अडकू शकते. पहिल्या घरून भावंडांच्या वासाचा एखादा कपड्याचा तुकडा मिळाला तर तो आत ठेवावा, पहिल्या रात्री त्याचा फार आधार होतो. क्रेटमध्ये ठेवताना गळपट्टा न चुकता काढावा, कारण तो किंवा त्याला लटकणारा बिल्ला जाळीत अडकून गळफास बसू शकतो. आणखी एक बारीक गोष्ट: जाळीच्या क्रेटच्या तळाशी असलेला ट्रे पिल्लाच्या प्रत्येक पावलाबरोबर खडखडतो आणि नवख्या पिल्लाला तो आवाज दचकवतो. ट्रेखाली एक जुनी चादर घडी घालून सारावी, म्हणजे आवाज बराच कमी होतो.

दिवसाची शिकवण

खरे काम इथे आहे. रात्री अकरा वाजता पिल्लाने आयुष्यात पहिल्यांदा क्रेट पाहायचा आणि त्यात आठ तास राहायचे, हे कुठल्याही पिल्लाला जमणार नाही. म्हणून पिल्लू शक्यतो सकाळी घरी आणावे, म्हणजे पहिल्या रात्रीपूर्वी दिवसभराचा वेळ हाताशी राहतो.

क्रेट घरातली माणसे वावरतात तिथे ठेवून त्याचे दार पूर्ण उघडून दोरीने मागे बांधून टाकावे. दार हलून पिल्लाच्या अंगावर आपटले तर पहिली ओळखच बिघडते. मग खाऊचे बारीक तुकडे आधी दाराजवळ, मग उंबऱ्यावर, मग थोडे आत टाकत जावे आणि पिल्लाला आत ढकलण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ते मान आत घालून तुकडा उचलेल आणि मागे पळेल, पळू द्यावे. पाच-सहा वेळा असे झाले की मागचे पाय आपोआप आत येतात. एका वेळी दोन-तीन मिनिटे आणि दिवसातून सात-आठ वेळा, एवढे पुरेसे आहे.

पिल्लाचे रोजचे जेवण याच कामाला लावावे. या वयात ते दिवसातून तीन-चार वेळा जेवते, म्हणजे तितक्या वेळा क्रेटची चांगली ओळख घडते. पहिले जेवण क्रेटच्या तोंडाशी, दुसरे मध्यावर, तिसरे मागच्या भिंतीला लागून द्यावे. पिल्लू मागच्या भिंतीशी निर्धास्त जेवू लागले की खाता खाता दार अलगद लोटावे, कडी लावू नये, आणि शेवटचा घास संपायच्या आत उघडावे. ते दाराशी येऊन रडायच्या आधीच दार उघडले, हे महत्त्वाचे. पुढच्या जेवणांना जेवण संपल्यावरही दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटे दार बंद ठेवावे. वेळ दर खेपेस वाढवत नेऊ नये. दोन मिनिटांनंतर एकदा वीस सेकंद, मग तीन मिनिटे, मग एक मिनिट, असे खाली-वर केले की पिल्लू प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबावे लागणार असे धरून बसत नाही. कडीच्या आवाजाचीही स्वतंत्र सवय लावावी लागते: कडी वाजली की जाळीतून खाऊचा एक तुकडा, कडी उघडली की काहीच नाही. आत जाण्यासाठी ‘घरात’ किंवा ‘जागेवर’ असा एकच शब्द ठरवावा आणि घरातल्या प्रत्येकाने तोच वापरावा.

त्यानंतरची पायरी दिवसाच्या झोपेची. लहान पिल्लू चोवीस तासांपैकी १८ ते २० तास झोपते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यामुळे घरात पिल्लाची झोपच होऊ दिली जात नाही. साधारण तासभर जागे राहिले की या वयाचे पिल्लू थकते, पण ते निजत नाही. उलट वेड्यासारखे गोल गोल धावते, पायजम्याच्या काठाला लोंबकळते, हाताला दात लावते. त्या वेळी त्याचे डोळे पाहावेत. ते किंचित ताठरलेले आणि कुठेच न पाहणारे असतात. बघणाऱ्याला वाटते की, याच्या अंगात अजून खूप जोम आहे, याला आणखी खेळवावे. प्रत्यक्षात त्याला झोप हवी असते. हीच वेळ साधावी. शू करवून आणावे, क्रेटमध्ये ठेवावे, दार लोटावे आणि शेजारी जमिनीवर बसून आपले काहीतरी काम शांतपणे करत राहावे. ते एक-दोनदा कुरकुरेल, जागेवर दोन वेटोळी घेईल, हनुवटी पंजांवर टेकवेल आणि मग नाकातून एक लांब सुस्कारा सोडेल. तो सुस्कारा ऐकू आला की पुढच्या मिनिटाभरात त्याला झोप लागते. दिवसाच्या अशा चार-पाच झोपांमधून क्रेट आणि झोप यांची गाठ पक्की बसते. पहिल्या दिवशी आपण शेजारी बसावे, दुसऱ्या दिवशी दोन पावलांवर, मग खोलीत इकडेतिकडे हिंडावे आणि मग क्षणभर खोलीबाहेर जाऊन यावे.

दार बंद असताना आणि आपण नजरेआड असताना पिल्लू दिवसा वीस-तीस मिनिटे शांत झोपू लागले, की ते रात्रीसाठी तयार झाले असे समजावे. याला कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला दहा. तोपर्यंत रात्री येतच राहणार. त्या मधल्या रात्रींसाठी सर्वांत सोपा उपाय असा की, क्रेटचे दार उघडे ठेवून तो आपल्या बिछान्यालगत लहानशा जाळीच्या कुंपणात ठेवावा. पिल्लू हवे तेव्हा आत जाईल, हवे तेव्हा बाहेर पसरेल, आणि आपण जवळ असल्याने त्याला धीर राहील.

संध्याकाळपासूनची तयारी

रात्रीचे शेवटचे जेवण झोपण्याच्या तीन-चार तास आधी व्हावे, म्हणजे शी करून पोट रिकामे व्हायला वेळ मिळतो. पाण्याचे भांडे झोपण्याच्या तास-दीड तास आधी उचलले तर चालते, पण संध्याकाळपासूनच पाणी तोडणे चुकीचे आहे. हवा उष्ण असेल, पिल्लू धावून धापा टाकत असेल किंवा आजारी असेल तर पाणी अजिबात अडवू नये. अगदी लहान चणीच्या जातींच्या पिल्लांत फार वेळ उपाशी राहिल्याने रक्तातली साखर घसरण्याचा धोका असतो, त्यामुळे रात्री शी होऊ नये म्हणून त्यांचे संध्याकाळचे जेवण कमी करण्याचा विचारही करू नये.

झोपण्याच्या आधीचा तास शांत असावा. धावपळीचा खेळ त्याआधी उरकून शेवटी चघळायला किंवा चाटायला काहीतरी द्यावे, कारण चाटण्या-चघळण्याने पिल्लू निवते. मग शू-शीसाठी एक नव्हे, दहा मिनिटांच्या अंतराने दोन फेऱ्या कराव्यात. बाहेरच्या वासांनी लक्ष विचलित झालेले पिल्लू पहिल्या खेपेस बऱ्याचदा अर्धीच लघवी करते आणि उरलेली तासाभरात क्रेटमध्ये होते. जागा रोज तीच ठेवावी. लसीकरण पूर्ण झालेले नसेल तर अनोळखी कुत्री जिथे येत नाहीत अशीच जागा निवडावी, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतो.

पहिल्या रात्री

क्रेट आपल्या खोलीत आणि आपल्या बिछान्यालगत असावा. शक्य असेल तर तो पक्क्या, न डगमगणाऱ्या स्टुलावर किंवा बाकावर ठेवून आपल्या उशीच्या उंचीला आणावा. अंधारात पिल्लाने डोळे उघडले की त्याला आपला चेहरा दिसावा आणि आपली बोटे जाळीतून आत जावीत, एवढ्यासाठी ही खटपट. क्रेटच्या तीन बाजू पातळ चादरीने झाकाव्यात, समोरची बाजू मोकळी ठेवावी. चारही बाजू झाकून हवा कोंडू नये. चपट्या नाकाच्या जातींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांना उकाडा लवकर बाधतो.

मग गजर लावावा. आपण अकराला झोपणार असू आणि पिल्लू आठ आठवड्यांचे असेल, तर पहिला गजर दीडचा आणि दुसरा साडेचारचा ठेवावा. पिल्लू रडून उठवेल तेव्हा बघू, असे म्हणणाऱ्याचे पिल्लू एकच गोष्ट शिकते: ओरडले की दार उघडते. आपण आधी उठलो तर ओरडणे आणि दार यांची सांगड बसतच नाही. झोप मोडण्याचा खरा मोबदला इथे मिळतो.

रात्रीची फेरी जाणूनबुजून कंटाळवाणी ठेवावी. मोठा दिवा लावू नये. दार उघडल्याबरोबर पिल्लाला उचलून घ्यावे, कारण चालत नेले तर ते हमखास वाटेतच बसते. ठरलेल्या जागी दोरी लावून खाली ठेवावे आणि खांबासारखे उभे राहावे. बोलू नये, खेळू नये. शू झाली की हलक्या आवाजात एक शाबासकी, खाऊचा एकच तुकडा, आणि सरळ परत क्रेटमध्ये. पाच मिनिटांत काही झाले नाही तरी परत आणावे. आत ठेवल्यावर ते दोन-तीन मिनिटे कुरकुरले तर जाळीतून बोटे आत सारून ती नुसती तिथे राहू द्यावीत. बहुतेक पिल्ले बोटांना नाक लावून झोपी जातात.

रडणे ओळखायला शिकणे

सगळे रडणे सारखे नसते, आणि तीन-चार रात्रींत कान तयार होतो. झोपेआधीची कुरकुर खालच्या सुरातली आणि तुटक असते; मध्ये मध्ये खंड पडतो, आणि पिल्लू त्या वेळी आडवे पडलेले असते. अशा वेळी काही करू नये, फार तर बोटे द्यावीत. शू लागल्याचे रडणे बऱ्याच वेळच्या शांततेनंतर एकदम सुरू होते. आधी पंजांची खसखस ऐकू येते, पिल्लू उठून हुंगते, दार खरडते आणि सूर चढत जातो. या रडण्याला ‘गप्प झाल्यावरच उघडेन’ हा नियम लावू नये, लगेच न्यावे. नाहीतर आपण स्वतःच त्याला झोपायच्या जागी घाण करायला भाग पाडतो. तिसरे रडणे भीतीचे. ते खंड न पडता चालते, जोडीला धापा, लाळ, जाळीला दात लावणे, अंग आपटणे असते. हे दिसले की त्या रात्रीपुरती शिकवण थांबवून दार उघडावे आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या शिकवणीत चार पावले मागे जावे.

कोणते रडणे आहे हे कळत नसेल तर बाहेर न्यावे. शू झाली तर आपण योग्य केले. नाही झाली तर मुकाट्याने परत आणले, एवढेच. एक जादा फेरी फारशी महागात पडत नाही. भिजलेले, घाबरलेले पिल्लू मात्र पडते.

गजर पुढे सरकवणे

सलग तीन रात्री क्रेट कोरडा राहिला आणि गजराच्या वेळी पिल्लू गाढ झोपेत सापडले, तर तो गजर पंधरा-वीस मिनिटे पुढे न्यावा. दीडचा गजर पावणेदोनवर, मग दोनवर, असा सरकत अडीच-पावणेतीनपर्यंत आला की दुसऱ्या गजराची गरज उरत नाही आणि दोन फेऱ्यांची एक होते. तीच एक फेरी पुढे साडेतीन, चार, साडेचार अशी सरकत सकाळला जाऊन मिळते. मध्येच एखाद्या रात्री अपघात झाला तर रागावू नये. गजर अर्धा तास मागे आणून दोन-तीन रात्री तिथेच ठेवावा आणि पुन्हा पुढे निघावे.

वही ठेवल्याशिवाय हे नीट जमत नाही, असा माझा अनुभव आहे. उशाशी एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवून प्रत्येक फेरीची वेळ, शू झाली की शी, आणि क्रेट कोरडा होता की ओला, एवढे तीन शब्द लिहावेत. अर्धवट झोपेत आपल्याला सगळ्या रात्री सारख्याच वाईट वाटतात. वही उघडली की दिसते, मागच्या सोमवारी १.४० ला उठावे लागले होते आणि या सोमवारी २.५०.

वयाचा अंदाज साधारण असा बांधावा: आठ ते दहा आठवड्यांत रात्री एक-दोन फेऱ्या, बारा आठवड्यांच्या आसपास एक, आणि सोळा आठवड्यांच्या सुमारास बरीच पिल्ले सहा-सात तास सलग काढतात. लहान चणीच्या जातींना पाच-सहा महिनेही लागू शकतात. शेजारच्याचे पिल्लू दहा आठवड्यांतच रात्रभर झोपते हे ऐकून आपल्या पिल्लाचा गजर बंद करू नये.

पहाटे पाचची जाग

फेऱ्या संपल्यावर नेहमी उरते ती ही तक्रार. पाच वाजता शू खरोखरच लागलेली असते, म्हणून न्यावे लागते. पण तिथून आल्यावर लगेच नाश्ता दिला तर पिल्लाचे पोट त्याच वेळेला जागे व्हायला शिकते. रात्रीच्या फेरीसारखेच मुकाट्याने परत आणून ठेवावे, खिडकीतून येणारा उजेड अडवावा आणि उठल्यानंतर नाश्त्यापर्यंत किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

क्रेट बिछान्यापासून दूर नेणे

क्रेट कायम आपल्या खोलीत ठेवायचा असेल तर हा भाग सोडून द्यावा. दुसरीकडे न्यायचा असेल तर पिल्लू रात्रभर झोपू लागल्यानंतर किमान आठवडाभर थांबावे. मग आधी स्टुलावरून जमिनीवर, मग दर दोन-तीन रात्रींनी हात-दीड हात दाराकडे, मग दाराबाहेर, असा तो सरकवत न्यावा. पिल्लू अस्वस्थ झाले तर एक मुक्काम मागे यावे.

गाडी अडली तर

क्रेट वारंवार ओला होत असेल तर आधी माप, मग बिछाना, मग गजराची वेळ तपासावी. आधी ओल्या झालेल्या जागेचा वास राहिला असेल तर पिल्लू तिथेच पुन्हा बसते. त्यासाठी विकरयुक्त, म्हणजे एन्झाइमचा क्लीनर वापरावा आणि अमोनिया असलेला टाळावा, कारण त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो. थोडी थोडी लघवी पुन्हा पुन्हा होणे, कुंथणे किंवा लघवीत रक्त दिसणे ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात, आणि रात्री पातळ शी होत असेल तर जंत किंवा अन्य कारण शोधावे लागते. या दोन्हीत पशुवैद्याकडे जाणे हाच उपाय. गजर सरकवून काही होणार नाही.

घाणीतच ठेवलेल्या ठिकाणाहून आलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी असते. झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याचा त्याचा मूळ स्वभावच पुसला गेलेला असतो. त्याला बिछान्याशिवाय ठेवून पाहावे, फेऱ्या दुप्पट कराव्यात आणि दुप्पट काळ धरून चालावे. त्याच्याशी फार मायेने वागावे लागते.

नीट झोपणारे पिल्लू चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पुन्हा उठू लागले तर दचकू नये. त्या काळात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येत असतात आणि हिरड्या ठणकतात. झोपण्यापूर्वी चघळायला गार काहीतरी दिल्याने बरे वाटते.

दिवसाचा क्रेटमधला एकूण वेळही पाहावा. रात्रभर आत राहिलेल्या पिल्लाला दिवसा पुन्हा पाच-सहा तास कोंडले तर रात्री ते आत जायला नाखूश असणारच. घरी कुणी नसते अशांनी दिवसा मोठे कुंपण आणि त्यात शूची जागा, अशी सोय करावी. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही टाकू नये आणि पिल्लू आत असताना मुलांना हात घालू देऊ नये. ती जागा त्याच्या एकट्याची आहे.

कडी काढण्याची वेळ

दार उघडे ठेवून कधी झोपता येईल, हा प्रश्न वर्षाच्या आसपास येतो. महिनाभर एकही ओली रात्र नसावी आणि एकटे असताना वस्तू चावण्याची सवय सुटलेली असावी. तेव्हा क्रेटचे दार उघडे पण खोलीचे दार बंद, अशी सुरुवात करावी. त्याआधी खोलीतल्या वायरी उचलून ठेवाव्यात, चपला आणि मोजे कपाटात टाकावेत आणि कचऱ्याची टोपली बाहेर न्यावी. पहिल्या रात्री ते एक फेरी मारून येईल, आपल्या बिछान्याच्या कडेला नाक लावेल. हात बाहेर काढून ‘जागेवर’ म्हणावे आणि ट्रेचा आवाज येतो का, ते ऐकावे.